शेजारचा रंग

४ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "माझं डोकं खाण्यापेक्षा वहीत लिहा." म्हणून लिहायला बसलो आहे.

आज संस्थेत माझा शेवटचा दिवस होता. 'रंगाची मूलतत्त्वं' हा विषय पुढच्या वर्षापासून बंद. प्राचार्यबाई फार गोड बोलल्या. "सर, हल्ली मुलं संगणकावर एक बटण दाबतात आणि जुळणारे पाच रंग समोर येतात. वर्षभर रंगचक्र रंगवत बसायला कुणाला वेळ आहे?" मी म्हणालो, बटण रंग देतं, डोळा देत नाही. त्यांनी लहान मुलाच्या बोलण्याला हलवावी तशी मान हलवली आणि चहा मागवला. निरोपाचा चहा पाणचट होता.

घरी एक खोकं घेऊन आलो. त्यात सुकलेल्या ट्यूबा, मुलांनी रंगवलेली चक्रं आणि करड्या कार्डांचा गठ्ठा आहे. पंजाएवढं करडं कार्ड, मधोमध बोटाएवढं भोक. पहिल्या तासाला मी ते प्रत्येकाच्या हातात द्यायचो आणि सांगायचो, "रंग कधी एकटा भेटत नाही. शेजारचे त्याला चढवतात, उतरवतात, बिघडवतात. या भोकातून बघा, म्हणजे शेजारी झाकले जातील आणि आहे तो रंग दिसेल." मुलं भोकातून एकमेकांकडे बघून दात काढायची.

हिने खोकं पलंगाखाली सरकवलं. मी बूट न काढताच आडवा झालो. हिने ते हळूच काढून ठेवले, याचंच जास्त वाईट वाटलं.

१० फेब्रुवारी

सकाळी उठून दाढी करायची आणि कुठंही जायचं नाही, यासारखी शिक्षा नाही. काल दुपारभर मी छताकडे बघत पडून होतो. छत पांढरं नाही. उत्तरेच्या खिडकीतून निळसर उजेड येतो, त्यात भिंती जुन्या निळ्या, त्यामुळे छतही धुण्याच्या पाण्यासारखं दिसतं. अशा खोलीत माणूस मेला तरी लवकर कळणार नाही.

बाहेरच्या खोलीत हिचं शिलाई मशीन चाललेलं असतं. लोकांचे कपडे आत घेणं, बाहेर सोडणं, झिपा बदलणं. तिला काम आहे. मला तिच्या मशीनचा आवाजसुद्धा आज सहन होत नव्हता, आणि तसं मी तिला बोललो. तिने मशीन थांबवलं. मग मला ती शांतताही सहन होईना.

संध्याकाळी एक विचार आला. लोकांना घरातल्या रंगांबद्दल सल्ला द्यायचा. कुठल्या खोलीत कसा उजेड येतो, कुठला रंग तिथे जगेल, कुठला मरेल, हे मला ठाऊक आहे. नमुना म्हणून आधी आपलीच झोपायची खोली करायची. उबदार पिवळी. हिला सांगितलं तर म्हणाली, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." मग माझा चेहरा बघून हसली. "करा हो. तुम्ही जागचे हललात तरी पुष्कळ आहे."

१७ फेब्रुवारी

खोली झाली. रंगारी चांगला माणूस आहे, पण मी डब्यात थेंब थेंब तांबडा टाकायला लावला तेव्हा म्हणाला, "सर, भिंत रंगवायची आहे की माझी परीक्षा घ्यायची आहे?" त्याला समजावलं की पिवळा हा फार आगाऊ रंग आहे. डब्यात असतो त्याच्या दुप्पट तो भिंतीवर चढतो, कारण चारी भिंती एकमेकींवर उजेड फेकतात. त्याने ऐकून घेतलं आणि ब्रश धुवायला गेला.

संध्याकाळी आम्ही दोघं पलंगावर बसून भिंतीकडे बघत राहिलो. किती दिवसांनी मला बरं वाटलं! ही म्हणाली, "उन्हात बसल्यासारखं वाटतंय." जेवली मात्र नाही. रंगाच्या वासाने तिची अन्नावरची वासना गेली आहे. हातही सारखे खाजवते. ताज्या रंगाचा काही जणांना त्रास होतो. खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत.

२३ फेब्रुवारी

बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. आज सकाळी हिच्याकडे बघितलं तर चेहरा पिवळा. उशी पिवळट, चादर पिवळट, ही पिवळी. रंग भडकला आहे. भिंतींवरून उजेड उसळतो आणि जे समोर येईल त्याला माखून टाकतो. हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, आणि स्वतःच्या घरात तीच चूक केली. हात दाखवून अवलक्षण.

हिला म्हणालो, "तू पिवळी दिसतेस. भिंतीचा रंग अंगावर येतोय." तिने आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "भिंतीचाच आहे ना?"

"मग आणखी कुणाचा?" मी म्हणालो.

तिने आरसा पालथा ठेवला आणि चहा टाकायला गेली. मी मात्र दिवसभर सुन्न होतो. जी एक गोष्ट मला येते असं वाटत होतं, तीही येत नाही.

२८ फेब्रुवारी

समोरच्या काकूंचं नाव आम्ही 'चौकशी खिडकी' ठेवलं आहे. त्यांनी आज जिन्यात हिला अडवलं. "अगंबाई, किती पिवळी पडलीस!" मी वरूनच म्हणालो, "काकू, जिन्यातला दिवा बघा. जुना पिवळा बल्ब आहे, त्याखाली तुम्हीही पिवळ्याच दिसताय."

"मला बाई तसं वाटत नाही," काकू म्हणाल्या.

घरात आल्यावर मी म्हणालो, "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, म्हणतात ते खोटं नाही." हिला हसू येईल असं वाटलं होतं. ती हसली नाही. जिना चढून तिला धाप लागली होती.

४ मार्च

मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती इतकी लांब राहते की आमची दुपार म्हणजे तिची पहाट. डोळे चोळतच म्हणाली, "बाबा, आई पिवळी का दिसतेय?"

मला उत्साह आला. विषय माझा होता. तिला सांगितलं की फोनचा कॅमेरा खोलीतलं पांढरं काय आहे याचा अंदाज बांधतो, आणि खोलीत पांढरं काही उरलंच नसेल तर त्याचा अंदाज फसतो. "म्हणजे दोष आधी भिंतीचा आणि मग फोनचा."

"नक्की ना बाबा?"

"अगं, मी हे शिकवत होतो."

"हो, ते खरंच," ती म्हणाली. मग आईला म्हणाली, "तरी एकदा दाखवून ये." हिने तिला कामाचं विचारून विषय बदलला. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पोरगी उगीच काळजी करते. तिची परीक्षा आहे ऑफिसातली, तिला कशाला घोर लावायचा?"

९ मार्च

आज या वहीत बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं लिहितो. इतक्या वर्षांच्या संसारात हिने मला रंगाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. आज दोरा ओवता ओवता म्हणाली, "अहो, एखादी वस्तू पिवळट झाली असेल आणि ती तशी दिसू नये असं वाटत असेल, तर शेजारी काय ठेवावं?"

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "लोक पांढरं ठेवतात. ते चूक. पांढऱ्याशेजारी पिवळट आणखी उघडं पडतं. जांभळं तर मुळीच नको. चक्रावर ते पिवळ्याच्या बरोबर समोर आहे, समोरासमोरचे रंग एकमेकांना चेतवतात. शेजारी त्याहून कडक पिवळं ठेव. मग डोळा कडक पिवळ्यातच गुंततो आणि फिकट पिवळं त्याला साधं वाटतं."

"असं होय," ती म्हणाली.

दुपारी तिने कपाटातून हळदी रंगाची शाल काढली आणि खांद्यांवरून, गळ्याभोवती घेतली. थंडी नाही काही नाही. पण खरंच, चेहरा लगेच उजळला! मी म्हणालो, "बघ, आहे की नाही जादू?" ती म्हणाली, "काकूंना आता बोलायला जागा नाही." तोंडाने हसली, पण शाल धरलेल्या हातावर खाजवून खाजवून रेघा उठल्या आहेत. मी मलम आणून दिलं.

मला उगाच वाटून गेलं की शेवटी एक तरी विद्यार्थिनी मिळाली.

१५ मार्च

काही जमत नाही. रंगाऱ्याला परत बोलावून पिवळ्यात जांभळा मिसळायला लावला, म्हणजे रंग बसेल, करडा होईल. एक पूर्ण भिंत आणि दुसरी अर्धी झाली. आता या भिंतीपुढे ही पहिल्यापेक्षाही पिवळी दिसते. ते तसंच होणार. करड्यात जांभळ्याची छटा राहिली, आणि जांभळ्याने शेजारचा पिवळा चढवला. म्हणजे भिंत पिवळी असली तरी माझी चूक आणि करडी असली तरी माझी चूक.

रंगारी डबा बंद करत म्हणाला, "वहिनींना बरं नाही का?" मी म्हणालो, वासाने होतंय. त्याने बाकीची अर्धी भिंत उद्यावर टाकली आणि आता फोन उचलत नाही.

रात्री ही आडवी झोपत नाही, पाठ दुखते म्हणून उशीला टेकून बसते. मशीनवर वाकून वाकून पाठीचं असं झालं असणार. हल्ली लोकांचे कपडे कमी आणि स्वतःचेच जास्त शिवते. सगळे एकेक बोट आत घेतलेत. विचारलं तर म्हणाली, "जुने झाले, सैलावलेत."

मी कुणाच्या उपयोगाचा नाही. प्राचार्यबाई बरोबर होत्या. एक बटण दाबलं असतं तर याहून बरी भिंत झाली असती. उद्या एक जोडपं रंगाच्या सल्ल्यासाठी ही नमुन्याची खोली बघायला येणार होतं, त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून कळवलं. अर्धवट भिंत दाखवून काय सांगू त्यांना? उठावंसं वाटत नाही. मेलो तर सुटेन असंही एकदा मनात आलं, पण ते इथे लिहून ही वही हिच्या हाती लागायला नको.

२१ मार्च

लिहिता येईल का ठाऊक नाही.

जोडपं दुपारी आलं. नवरा-बायको दोघंही तरुण, बेकरी काढताहेत. ही पलंगावर बसली होती, उठायला लागली तर त्या मुलीनेच "बसा हो काकू" म्हणून थांबवलं. अर्धवट भिंतीचं काय करायचं? मी म्हटलं, तिचाच धडा करू. पलंगाखालचं खोकं ओढलं, करडं कार्ड काढलं आणि एक डोळा मिटून भिंतीसमोर धरलं. गेल्या महिन्याभरात मी ते एकदाही बाहेर काढलं नव्हतं. म्हटलं, "बघा, आता शेजारी झाकले गेले. हा पिवळा. हा झाला करडा. ही उशी, पांढरी." उशी खरोखरच पांढरी होती. पिवळट नव्हती. मी बोलत बोलत हात सरकवत होतो. "आणि हा..."

भोकात हिचा गाल आला.

मला वाटलं हात हलला, पिवळ्या भिंतीचा तुकडा आत आला. पण मग गालाच्या वर डोळा आला. डोळ्याचं पांढरं. ते पांढरं नव्हतं. मी कार्ड उशीवर नेलं, पुन्हा डोळ्यावर आणलं. पुन्हा उशीवर नेलं. भोकाच्या शेजारी ना भिंत होती, ना बल्ब होता, ना फोन.

ही माझ्याकडे बघत होती. भोकातून तिचा एकच डोळा मला दिसत होता. तिने शाल सावरली.

ती मुलगी हळूच म्हणाली, "काका, काकूंना कावीळ आहे का?"

नवऱ्याने तिचा हात ओढला. ते कधी गेले ते मला कळलं नाही.

२२ मार्च

दवाखान्यात. कागदावर लिहितो आहे, नंतर वहीत लावीन. इथल्या भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, दिवे पांढरे. त्यात ही.

२९ मार्च

डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. बाई आहेत, माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. स्वादुपिंडात गाठ आहे. पित्ताचा रस्ता तिने दाबला म्हणून अंग पिवळं झालं, खाज सुटली. पाठीचं दुखणं त्याचंच, जेवण तुटलं तेही त्याचंच. मशीनचं नाही, रंगाच्या वासाचं नाही. यकृतावरही डाग आहेत. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाल्या. पित्तासाठी आत एक नळी घालतील, तेवढाच आराम.

मग आत हिच्या पलंगापाशी येऊन त्यांनी विचारलं, "पिवळेपणा कधीपासून दिसतोय?"

ही पलंगावरून पटकन म्हणाली, "इथे यायच्या आधी झाले असतील चार-पाच दिवस."

मी म्हणालो, "नाही. महिना होऊन गेला. मला दिसत होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "मग आणलं का नाही?"

दोन पिवळ्यांमधला केसाएवढा फरक मी सांगू शकतो. त्यांना मात्र एवढंच म्हणालो, "मला वाटलं, भिंतीचा आहे." त्यांना ते कळलं नसावं. नंतर दारात गाठून मी विचारलं, महिन्यापूर्वी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, नक्की काही सांगता येत नाही. बोलताना त्या हातातल्या पेनाकडे बघत होत्या.

६ एप्रिल

घरी आणलं. नळीने काम केलं आहे, खाज थांबली. आज दुपारी तिने दोन घास खाल्ले. मी बाजूला बसलो होतो. गेले कितीतरी दिवस विचारायचं होतं, ते आज विचारलं. "तुला कळलं होतं ना?"

"आरशात दिसत होतं," ती म्हणाली. "लघवीचाही रंग बदलला होता. भीती वाटली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. विचारलं तुम्हाला, भिंतीचाच आहे ना." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही हो म्हणालात. मला बरं वाटलं. रंगातलं तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?"

"आणि ती शाल?"

"लोक विचारत होते. प्रत्येकाला कुठं भिंतीची गोष्ट सांगत बसू? आणि तुम्ही त्या दिवशी किती छान सांगत होतात! संस्था सुटल्यापासून तसे बोलला नव्हतात तुम्ही."

मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडलो. ती विश्वासावर राहिली. दुसऱ्या कुणाची, अगदी रंगाऱ्याची बायको असती तरी महिन्यापूर्वीच दवाखान्यात गेली असती.

खोलीला दुसरा रंग देऊ का, असं विचारलं तर म्हणाली, "आता त्या भिंतीला हात लावायचा नाही. बसा इथे."

१२ एप्रिल

मुलगी आली. दारातच बॅग टाकून धावत खोलीत गेली. मी मागे उभा होतो. पिवळेपणा जवळजवळ उतरला आहे. आज सकाळी हिने स्वतः पांढरा झगा मागून घेतला, शाल घडी करून उशाशी ठेवली. हा हिचा खरा रंग, लग्नात होता तसा गव्हाळ. कार्ड धरायची गरज नाही. मुलगी आईचा चेहरा हातात धरून म्हणाली, "आई, तू तर छान दिसतेस गं! मी वाटेत काय काय मनात आणलं होतं." आणि तिने माझ्याकडे आशेने बघितलं. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी तिला फोनवर सांगितलं होतं, पण डोळ्यांना दिसतं ते माणसाला आधी खरं वाटतं. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. एक करडी, एक अर्धी, उरलेल्या पिवळ्या. ती बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिला मार्चमधला तो कॉल आठवत होता, हे मला समोर दिसत होतं. ती वळली.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुम्हाला तेव्हा फोनवर विचारलं होतं. आई पिवळी का दिसतेय म्हणून."

सांगायचं ठरवलं होतं. डॉक्टरांना सांगितलं तसं मुलीलाही सांगायचं होतं.

पण पलंगावरूनच आवाज आला. थकलेला, पण समजावणीचा. "त्यांना काही बोलू नकोस गं. तेव्हा मी बरी होते. तुझा फोनच पिवळं दाखवत होता."

मुलीने माझ्याकडे बघितलं. "हो का बाबा?"

ही माझ्याकडे बघत होती. डोळ्यांचं पांढरं आता स्वच्छ पांढरं होतं.

मी मान हलवली. म्हणालो, "हो. फोनच तसा होता."